‘बाईंना एकटं सोडू नका’: लातुरातल्या एका जर्मन शिक्षिकेचं प्रकरण

या प्रकरणातली माणसं खरी आहेत, नावं बदललेली आहेत. संस्थेचं नाव देत नाही. मी तिथं समन्वयक होते, त्यामुळे ज्या चुका पुढे येतील त्यांतल्या बऱ्याच माझ्या आहेत. परदेशी शिक्षक आणायच्या विचारात असलेल्या आपल्या भागातल्या संस्थांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहून ठेवलं आहे.

पार्श्वभूमी

लातूर म्हटलं की लोकांना ‘लातूर पॅटर्न’ आठवतो, डॉक्टर-इंजिनिअरचे क्लास आठवतात. त्याच गल्ल्यांमध्ये नर्सिंग शिकणाऱ्या मुलीही राहतात. औसा, निलंगा, अहमदपूर, रेणापूर तालुक्यांतल्या खेड्यांमधून आलेल्या. आमच्या संस्थेत अशा नर्सिंग झालेल्या मुलींसाठी जर्मन भाषेचा वर्ग होता. जर्मनीत परिचारिका म्हणून नोंदणी हवी असेल तर साधारण बी-२ पातळीपर्यंत (भाषेच्या सहा पातळ्यांतली चौथी) भाषा यावी लागते. तिथपर्यंतचा मोठा टप्पा म्हणजे बी-१. गोएथे संस्थेच्या बी-१ परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार भाग असतात आणि प्रत्येक भागात १०० पैकी ६० गुण लागतात. आमच्या आधीच्या तुकडीतल्या मुली पुण्याला जाऊन आल्या. वाचनात, लेखनात पास, संभाषणात आडव्या. पुस्तकातली जर्मन पाठ होती, पण समोरचा माणूस बोलायला लागला की जीभ टाळूला चिकटायची.

तेव्हा अध्यक्षांच्या मनात आलं, जर्मनच बाई आणू. पैशाचं गणित बसेना असं आम्हाला वाटत होतं, कारण रोजगार व्हिसासाठी परदेशी माणसाला वर्षाला किमान १६.२५ लाख पगार द्यावा लागतो. पण इंग्रजी सोडून इतर भाषा शिकवणाऱ्यांना या अटीतून सूट आहे. ही एक ओळ कळली आणि गाडी पुढे सरकली. जुलै २०२३ मध्ये मारिया लातूरला आली. वय पस्तिशीचं. याआधी दुसऱ्या दोन देशांत शिकवलेलं. भारत पहिल्यांदाच.

तिच्या येण्याआधी आमची तयारी लग्नघरासारखी चालू होती. इन्व्हर्टर बसवला, पाण्याचं फिल्टर बसवलं, कमोड आहे ना याची तीनदा खात्री केली, मिरची कमी घालायची सूचना गेली. घराचा प्रश्न मात्र एका बैठकीत, अर्ध्या तासात मिटवला. तीन जागा होत्या: मुलींच्या वसतिगृहातली एक खोली, बार्शी रोडकडचा एक रिकामा फ्लॅट आणि एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या घरातली आतली खोली. फ्लॅट नको, कारण एकटी बाई, रात्रीबेरात्री काय झालं तर? वसतिगृह नको, कारण परदेशातल्या शिक्षिकेला वसतिगृहात कसं ठेवायचं? मग घरगुती वातावरण बरं. काकू प्रेमळ, काका इंग्रजी बोलणारे. सगळ्यांनी माना डोलावल्या. हा पहिला निर्णय, आणि ती खोली वापरणारीला कुणी विचारलं नाही.

दुसरा निर्णय अध्यक्षांनी तोंडी दिला. शिपाई बालाजीला बोलावून म्हणाले, “बाईंना एकटं सोडू नका.”

कागदांचे दिवस

हा भाग कंटाळवाणा आहे, पण वगळला तर पुढचं नीट कळणार नाही.

तेव्हा परदेशी माणूस घरी उतरला की घरमालकाने २४ तासांत ‘फॉर्म सी’, म्हणजे त्या पाहुण्याची माहिती सरकारला कळवणारा फॉर्म, भरायचा असे. आमची समजूत अशी की ते हॉटेलवाल्यांचं काम. तसं नव्हतं. ज्याच्या घरी परदेशी राहील त्या कुणालाही तो लागू होता. तो आम्ही पाचव्या दिवशी भरला आणि उशिराचं कारण लिहून दिलं. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या रोजगार व्हिसावर आलेल्याने १४ दिवसांत नोंदणी करायची असते, ती मात्र वेळेत झाली. ऑनलाइन अर्ज भरायचा आणि आपल्या जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे असतं. (सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांसाठी नवा कायदा लागू झाला आहे. त्यामुळे आज हे करणाऱ्याने आमच्या वेळच्या फॉर्मची नावं धरून बसू नये, चालू नियम बघावेत.)

खरं दुखणं होतं बँकेचं. पॅन, पत्त्याचा पुरावा, नोंदणीचा कागद, मग खातं. यात सात आठवडे गेले. खातं नाही म्हणजे यूपीआय नाही. आणि आता लातुरात कोथिंबिरीची जुडी घेतली तरी गाड्यावर स्कॅनर लटकलेला असतो. पाचशेची नोट दिली की भाजीवाला म्हणतो, सुट्टे नाहीत, फोनपे करा. म्हणजे सात आठवडे मारियाची प्रत्येक खरेदी माझ्या नाहीतर बालाजीच्या फोनवरून झाली. साबण, वही, केळी, अगदी बाईमाणसाला लागणाऱ्या वस्तूसुद्धा. त्या वेळी मला त्यात काही वावगं दिसलं नाही. पैसे नंतर वळते करून घेत होतो ना.

अडचण कशी दिसत गेली

२०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. लातूरला पाणी देणाऱ्या मांजरा धरणाच्या पाण्याची चर्चा पावसाळ्यातच सुरू झाली होती. लातूरकरांना एप्रिल २०१६ विसरता येत नाही, तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. नळाला पाणी येण्याचा दिवस म्हणजे घरात सण आणि युद्ध एकदमच. काकू पहाटे उठून टाक्या, पिंपं, घागरी भरत. मारियाच्या खोलीतल्या न्हाणीघरातही दोन पिंपं होती, तीही भरायची असत. काकू पहाटे पाचला दार ढकलून आत येत, पाइप सोडत, “झोपा झोपा मारियाबाई” म्हणत.

दाराला आतून कडी होती. पण मारियाने पहिल्या आठवड्यात ती लावली, तर काका-काकू घाबरून दार बडवत बसले, पोरगी आत बेशुद्ध पडली की काय म्हणून. त्यानंतर तिने कडी लावणं सोडून दिलं.

संध्याकाळच्या जेवणाचं वेगळंच. जर्मनीत बऱ्याच घरांत रात्रीचं जेवण थंड असतं: ब्रेड, चीज, एखादी काकडी. त्याला ते ‘आबेन्डब्रोट’, म्हणजे संध्याकाळचा ब्रेड म्हणतात. इथला पाव तिला गोड लागायचा. मग तिनं एक शोध लावला. सकाळची ज्वारीची भाकरी, घट्ट दही, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. तिच्या दृष्टीने हेच आबेन्डब्रोट. काकूंच्या दृष्टीने घरात पाहुणी शिळी भाकरी खाते म्हणजे गावात तोंड दाखवायला जागा नाही. त्या रोज रात्री गरम आमटी-भात घेऊन उभ्या. ती नको म्हणे, त्या वाढत. आपल्याकडे ‘नको’ म्हणजे ‘अजून एकदा आग्रह करा’. तिच्याकडे ‘नको’ म्हणजे नको. या एका शब्दापायी दोन चांगल्या बायका रोज रात्री दमून जात होत्या.

वर्गात उलटं. तिथं मुली ‘हो’ म्हणत. “समजलं?” “हो मॅडम.” बावीस मुलींचं ‘हो’. सप्टेंबरात पहिली चाचणी घेतली, नऊ जणी पास. मारिया माझ्याकडे आली आणि म्हणाली, या माझ्याशी खोटं का बोलतात?

त्याच महिन्यात एक प्रसंग घडला. १ सप्टेंबरला जालना जिल्ह्यात अंतरवाली सराटीला मराठा आरक्षणाच्या उपोषणस्थळी लाठीमार झाला आणि पुढचे काही दिवस मराठवाडाभर बंद, रास्ता रोको, एसटी बंद. खेड्यातून ये-जा करणाऱ्या मुली वर्गाला पोचूच शकल्या नाहीत. मारियाने बालाजीला विचारलं, काय झालं? तो म्हणाला, “बंद आहे.” काय बंद आहे? “सगळं.” एवढंच. तीन दिवसांनी मुली आल्या तेव्हा तिने गैरहजेरीवरून त्यांना चांगलंच सुनावलं. दोघी रडल्या. तरी एकीनेही कारण सांगितलं नाही. तिला ते खूप उशिरा, दुसऱ्याच कुणाकडून कळलं. मी तिला का सांगितलं नव्हतं? कारण स्टाफरूममध्ये आमचं ठरलं होतं, मॅडमला कशाला टेन्शन.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिचं पत्र आलं. अर्ध्या पानाचं, सभ्य. दिवाळीनंतर मला परत जायचं आहे, करारातल्या एक महिन्याच्या पूर्वसूचनेप्रमाणे कळवत आहे.

आम्हाला काय वाटलं आणि काय होतं

अध्यक्षांना वाटलं जेवण. प्राचार्यांना वाटलं घरची आठवण. मला वाटलं पाणी, ऊन आणि पगार. आम्ही तिघं एका खोलीत बसून तिच्या मनात काय असेल यावर दीड तास बोललो. ती शेजारच्या खोलीत शिकवत होती.

शेवटी मीच एका संध्याकाळी तिला आमच्या गच्चीवर घेऊन गेले. चहा नाही, बिस्किटं नाहीत, आग्रह नाही, हे मुद्दाम. बराच वेळ गप्प बसून ती म्हणाली, “मी इथं आल्यापासून एकदाही एकटीने रस्ता ओलांडलेला नाही.”

मी म्हणाले, तुझ्या सुरक्षेसाठीच.

“माहीत आहे. म्हणूनच बोलता आलं नाही.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ऊन चालतं. तिखट चालतं, आता तर ठेचाही चालतो. पोट ऑगस्टमध्ये चार दिवस बिघडलं होतं, तेही चालतं. पण दार नाही. पैसे स्वतःचे असून हातात नाहीत. बाहेर पडायला निघालं की बालाजी चप्पल घालून तयार: “कुठं चाललाव मॅडम? मी येतो की.” काही घडलं तर सगळ्यांना माहीत, तिलाच माहीत नाही. दुकानात ती बोलायला गेली की तिच्या वतीने दुसरंच कुणी बोलतं. दोन देशांत राहून आलेली बाई होती ती. त्या दोन्ही ठिकाणी पहिले दोन महिने वाईट गेले होते, पण त्या वाईटात ती रोज काहीतरी शिकत होती. इथे तिला वाईट जाऊच दिलं नव्हतं.

पर्याय

तिला जाऊ देणं हा पहिला आणि सरळ पर्याय. विमानाचं तिकीट करारात होतंच. मुलींचं वर्ष मात्र अर्ध्यात तुटलं असतं.

दुसरा पर्याय अध्यक्षांचा: तिला पुण्यात ठेवू, तिथून ऑनलाइन शिकवू दे. पुण्यात जर्मन बोलणारे भेटतील, हवा बरी. पण आमच्या मुलींना अडत होतं ते समोरासमोर बोलणंच, आणि त्यासाठीच तिला आणलं होतं. शिवाय पुण्यातली दुसरी एखादी संस्था तिला सामावून घेईल या आशेलाही अर्थ नव्हता. रोजगार व्हिसा ज्या मालकासाठी मिळालेला असतो त्याच्याशीच बांधलेला राहतो, सहसा मध्येच मालक बदलता येत नाही.

तिसरा, फ्लॅट. तिला तो सुरुवातीला आवडला असता. पण ऑक्टोबरात तिचं तिलाच ते नको होतं. काकू हव्या होत्या, काकूंचं पाच वाजताचं येणं नको होतं. ही गोष्ट मला तोवर सुचलीच नव्हती, की माणूस हवा असतो आणि त्याच वेळी दारही हवं असतं. शिवाय फ्लॅट म्हणजे नवा पत्ता, नवा घरमालक, पुन्हा सगळे फॉर्म.

चौथा पर्याय गच्चीवरच निघाला. त्याच घराच्या वरच्या मजल्यावर एक खोली रिकामी होती, बाहेरून लोखंडी जिना होता. तिथं राहायचं. सहा आठवडे बघायचं. तोवर राजीनामा मागे नाही आणि मंजूरही नाही, तारीख ठरली नोव्हेंबर अखेर. ती म्हणाली, एक अट, बालाजी नको. मी म्हणाले, अध्यक्षांना मी सांगते. सांगताना पाय लटपटत होते हे आज कबूल करायला हरकत नाही.

काय केलं

काकूंशी बोलणं सगळ्यात अवघड गेलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. “लेकरू उपाशी झोपलंय का बघायला गेले, त्यात काय बिघडलं?” आणि मग, “माझ्याच घरात मी दार वाजवू?” मी जर्मनीतल्या पद्धती समजावायला गेले, तिथं फोन करून येतात वगैरे. त्याने त्या जास्तच दुखावल्या. काका मात्र शाळेत आयुष्य काढलेले. ते म्हणाले, “अगं, आपली सून नवीन होती तेव्हा तू तिच्या खोलीत अशी जात होतीस का?” काकू गप्प झाल्या. सुनेचं दार त्यांना कळलं, पाहुणीचं कळत नव्हतं. वरच्या खोलीची किल्ली एकच ठेवायची, मारियाकडे, असं ठरलं. पाण्याच्या दिवशी पाइप ती स्वतः लावणार. पहिल्याच वेळी टाकी वाहून गेली, खालच्या अंगणात तळं झालं. काकूंनी आरडाओरडा केला. मारियाला त्याचा आनंद झाला, असं तिने मला नंतर सांगितलं: तीन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी तिच्यावर ओरडलं होतं.

बँकेचं खातं सप्टेंबरातच सुरू झालं होतं, पण सवयीने पैसे आम्हीच देत होतो. ते बंद केलं. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी ती पहिल्यांदा एकटी गंजगोलाईत गेली. ज्यांना लातूर माहीत नाही त्यांच्यासाठी: गंजगोलाई म्हणजे गावाचं पोट. मध्ये अंबाबाईचं मंदिर, भोवती गोल बाजार आणि त्यातून सोळा रस्ते फुटतात. सराफा एकीकडे, भांडी एकीकडे, भुसार एकीकडे. एका रस्त्यानं आत शिरलेला नवखा माणूस हमखास भलत्याच रस्त्याने बाहेर पडतो. मी घरी फोन हातात धरून बसले होते. अर्ध्या तासाने बालाजीचा फोन, “मॅडम, जाऊन बघू का?” मी नाही म्हणाले. मग मलाच राहवेना, चप्पल घातली, काढली.

ती पावणेदोन तासांनी आली. चार वेळा चुकली होती, दोनदा त्याच कापड दुकानासमोर आली, तिसऱ्या वेळी दुकानदारानेच स्टूल दिलं आणि पाणी पाजलं. रस्ता विचारताना तिनं वापरलेलं मराठी एवढंच: “दादा, बार्शी रोड कुठं?” हातात पितळेचा तांब्या. मी किंमत विचारली आणि तोंडातून निघून गेलं, पन्नास रुपये जास्त घेतले, चल मी बोलते त्याच्याशी. ती म्हणाली, “नको. ते माझे पन्नास रुपये आहेत.” हे ‘नको’ मी ऐकलं.

नोव्हेंबरात याची दुसरी बाजू समोर आली. मोटारसायकलवरच्या दोन पोरांनी मोबाइलवर तिचं चित्रीकरण करत तिचा पाठलाग केला. ती एका औषधांच्या दुकानात शिरली. दुकानदाराने बाहेर येऊन पोरांना अशी शिवराळ समज दिली की पोरं पळाली. अध्यक्षांनी त्याच संध्याकाळी बालाजीला परत नेमायचं ठरवलं. मारियाने मला विचारलं, अशा वेळी तुम्ही काय करता? मी सांगितलं, ओरडतो, दुकानात शिरतो, ११२ ला फोन करतो. “मग मीही तेच केलं ना,” ती म्हणाली. बालाजी परत आला नाही. अंधार पडल्यावर बाहेर असेल तर फोनवरून ठिकाण मला दिसेल, एवढी तडजोड झाली. हा निर्णय बरोबर होता का? काही घडलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता, एवढंच सांगता येतं.

वर्गात काय बदललं

आमच्या संस्थेचा नियम होता, जर्मन शिकवताना आधाराला इंग्रजी घ्यायची. म्हणजे मुलींनी एका परक्या भाषेतून दुसरी परकी भाषा शिकायची. हा नियम कुणी आणि का केला, कागदावर सापडत नाही. डिसेंबरपासून मारियाबरोबर आमची एक मराठी शिक्षिका वर्गात बसू लागली, आणि तिथं गंमत सुरू झाली.

जर्मनमध्ये तीन लिंगं: डेर, डी, डास. इंग्रजीतून शिकताना हे वेडेपणाचं वाटतं, टेबल पुल्लिंगी कसं? मराठी मुलीला काय नवल? तिच्या घरात दरवाजा तो, खिडकी ती, घर ते. का, असं तिनं आईला कधी विचारलेलं नाही. जर्मनमध्ये मुलीला ‘डास मेटशेन’, म्हणजे नपुंसकलिंगी. मारियाला वाटलं याच्यावर हसतील. निलंग्याकडची एक मुलगी म्हणाली, मॅडम, आम्हीपण ‘ते पोरगं’ म्हणतो की.

एकवीसला जर्मन लोक ‘एक-आणि-वीस’ म्हणतात, एकक आधी. मराठीतही एकवीस, बावीस, तेवीस, एकक आधीच. इंग्रजीतून जाणाऱ्या मुली आकडे उलटे लिहीत होत्या, आणि औषधाच्या मात्रेत असा आकडा उलटला तर काय होईल हे नर्सला सांगायला नको. ‘झी’ आणि ‘डू’ म्हणजे अहो-जाहो आणि अरे-तुरे, हे एका मिनिटात कळलं. फसगत झाली ती वेळेत. जर्मन ‘हाल्ब आख्ट’, शब्दशः अर्धा आठ, म्हणजे साडेसात. मुली साडेआठ लिहायच्या. मग मराठीच्या बाईंनी फळ्यावर ‘पावणेआठ’ लिहिलं. पावणेआठमध्ये आठ वाजलेले असतात का? नाही. तसंच हे. प्रश्न मिटला.

आणि ते ‘हो मॅडम’? त्यावर मारियाने चिठ्ठ्या काढल्या. तासाच्या शेवटी प्रत्येकीने न कळलेली एक गोष्ट नाव न घालता मराठीत लिहायची, कोरी चिठ्ठी चालणार नाही. पहिल्या दिवशी बावीसपैकी सहा चिठ्ठ्यांवर होतं, “मॅडम फार भरभर बोलतात.” तोवर एकीनेही तोंडाने सांगितलं नव्हतं. कारण विचारलं तर उत्तर मिळालं: एवढ्या लांबून आल्या, त्यांना वाईट वाटेल.

जानेवारी २०२४ मध्ये वेळ अमावस्या आली. आमच्याकडे येळवस म्हणतात. लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी गावं ओस पडतात, सगळे शेतात. एका मुलीनं तिला औसा तालुक्यातल्या शेतात नेलं. कोपीत, म्हणजे कडब्याच्या खोपटात, पांडवांची पूजा, मग भज्जी (भाज्या आणि डाळींची मिसळ), उंडे, बाजरीची भाकरी, आणि मडक्यातली ताकाची आंबट अंबील. संस्थेतून कुणी गेलं नाही, बोलावणं तिलाच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून आम्ही पाच जणांनी तिला फोन करून पोट कसं आहे विचारलं. पोट उत्तम होतं. पाचव्या फोनला ती चिडली.

निष्पत्ती

नोव्हेंबर अखेरीस तिने राजीनामा मागे घेतला आणि करार पुरा केला. बावीसपैकी चार मुलींनी मध्येच वर्ग सोडला: दोघींची लग्नं, दोघींना सरकारी भरतीत जागा. मे २०२४ मध्ये तेरा जणी पुण्याला बी-१ च्या परीक्षेला बसल्या. आठ जणी चारही भागांत पास. तिघी फक्त लेखनात राहिल्या, दोघी दोन भागांत. संभाषणात तेरापैकी अकरा जणी निघाल्या. ज्यासाठी तिला आणलं ते काम झालं, असं म्हणता येईल. लेखनाकडे मात्र आमचं सगळ्यांचंच दुर्लक्ष झालं.

दुसऱ्या वर्षाचा करार तिने केला नाही. एप्रिल-मेचा उन्हाळा, पत्र्याच्या शेडलगतची वरची खोली आणि रात्री गेलेली वीज, यांचा वाटा होताच. आणि तिचं आधीच ठरलेलं होतं की एका देशात एकच वर्ष. आम्ही ते करारापूर्वी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं.

वेगळं काय करता आलं असतं

घराच्या तीन जागांचे फोटो तिला आधी पाठवायला हवे होते. फुकटचं काम होतं. दाराची कडी, किल्ली, येण्याजाण्याचा रस्ता हे पगाराइतकंच स्पष्ट बोलून घ्यायला हवं होतं, आणि घरमालकांशीही, कारण आम्ही काकूंना ‘परदेशी पाहुणी आहे, जपा’ एवढंच सांगितलं होतं. त्यांनी जपलं. त्यांची चूक शोधायला गेलं तर सापडत नाही.

खातं उघडेपर्यंतच्या सात आठवड्यांसाठी आगाऊ पगार सुट्ट्या नोटांमध्ये देता आला असता. शंभर-पन्नासच्या गड्ड्या. हे इतकं साधं आहे की लिहिताना लाज वाटते.

बंदच्या दिवसांत तिला संध्याकाळी बसवून सांगायला हवं होतं की काय चाललंय, का चाललंय, आणि आमच्यातच यावर किती मतं आहेत. मी ते टाळलं कारण मला वाटलं आपलं गाऱ्हाणं परक्यासमोर कशाला.

बालाजीबद्दल मात्र माझं मन अजून दोन्हीकडे जातं. पहिले दोन आठवडे तो हवाच होता. रिक्षा कशी थांबवायची, कुठल्या टपरीवर पाणी प्यायचं नाही, हे त्यानेच शिकवलं. चूक त्याला नेमण्यात नव्हती, त्याला थांबायची तारीख न देण्यात होती. त्याला स्वतःलाही ते काढून टाकल्यासारखं लागलं. काही दिवस तो माझ्याशी बोलत नव्हता.

पुढच्या शिक्षकासाठी आम्ही काकूंनाच विचारलं. वरची खोली आहे, वेगळा जिना आहे, सगळं बसलेलं आहे. काकू म्हणाल्या, “नको.” मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. घरी आल्यावर वाटलं, काकूंचं ‘नको’ होतं ते, अजून एकदा विचारायला हवं होतं की काय.